पाठमोरं वाचन

वाचायला बसण्याआधी नाना खुर्ची भिंतीकडे फिरवत. मग घसा खाकरून, माझ्याकडे पूर्ण पाठ करून, समोरच्या कॅलेंडरला वाचून दाखवावं तसं वाचू लागत. मी मागे सतरंजीवर. पहिल्या रविवारी मला वाटलं, माणूस लाजतोय. तसं नव्हतं.

"तोंड दिसलं की लोक भिडेखातर हसतात, भो," ते म्हणाले. "हसू ऐकायचं असतं. बघायचं नसतं."

हे नाना म्हणजे माझे आवडते विनोदी कादंबरीकार. नाव मी सांगणार नाही. पुस्तकांची सांगतो, त्यावरून तुम्हाला नाव कळेलच. पण ते मी सांगितलेलं नसेल. 'एक बँड, दोन वराती' आणि 'भरीत थंड होतंय'. तुमच्या गावातल्या वाचनालयात मागच्या कपाटात असतील. पुठ्ठा सुटलेला असला तर चांगलं लक्षण समजा.

ऐंशीच्या दशकात धरणगावच्या कापूस खरेदी केंद्रावर नाना कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते आणि मी कारकून. दोघंही जळगावला राहायचो, सकाळच्या पॅसेंजरने सोबत जायचो. बैलगाडीतून कापूस उतरला की नाना चिमूटभर घेत, दोन्ही अंगठ्यांनी धागा हलकेच ओढत, उजेडात धरत आणि सांगत, "लांबी आहे," किंवा "आखूड." शेतकरी वाद घालायचे. नाना ऐकून घ्यायचे आणि पुन्हा "आखूड"च म्हणायचे.

माणसांनाही तेच माप. साहेबांनी डब्याच्या वेळी विनोद सांगितला की सगळे हसायचे, नाना भाकरीचा घास चावत माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "आखूड." त्यावर मात्र मला हसू आवरायचं नाही. एकदा साहेबांना वाटलं, आपल्याच विनोदाला मी एवढा हसलो. त्यांनी तो पुन्हा सांगितला.

मी मुळात हसणारा माणूस नाही. घरीही कुणी मला फारसं हसताना पाहिलेलं नाही. नानांनी मला निवडलं ते त्यासाठीच. "तू चिक्कू आहेस," ते म्हणाले. "चिक्कूच्या हातून सुटलं तेच खरं. रविवारी घरी ये."

तेव्हा 'बँड' चाललं होतं. कादंबरी अशी: सोनगीरचं एक बँडपथक सुपारी एका गावच्या लग्नाची घेतं आणि चुकून दुसऱ्याच गावच्या लग्नात वाजवायला लागतं. मास्तरला तीनच चाली येतात, त्यातली एक अंत्ययात्रेची. इकडे पहिला नवरदेव बँडची वाट बघत घोडीवर दिवसभर बसून राहतो. शेवटी त्याची वरात आवाजाच्या मागावर निघते. हायवेवर बँड मध्ये, एक वरात पुढे, एक मागे, आणि दोन्हींकडचे मामा मास्तरला धरून ओढताहेत. मास्तर म्हणतो, "आम्ही वाजाडनार. लगीन कोनं शे, ते आम्हले काय करनं?"

नानांनी हे वाक्य भिंतीकडे तोंड करून, अगदी सपाट आवाजात वाचलं, आणि मी सतरंजीवर आडवा झालो. नाना थांबले. वळले नाहीत. माझं हसणं पूर्ण संपेपर्यंत थांबले आणि मग कॅलेंडरला म्हणाले, "लांबी आहे."

जिथे मी हसायला हवं होतं आणि हसलो नाही, ते पान ते तिथेच फाडत. मला वाईट वाटायचं. मी म्हणायचो, नाना, ठीक होतं की. ते म्हणायचे, ठीक असलेलं केंद्रावर घेतात, कादंबरीत घेत नाहीत.

'भरीत'ची सगळी प्रकरणं अशीच पार पडली. एका गावात मोठा पुढारी भरीत खायला येणार म्हणून मळ्यात कापसाच्या वाळक्या पराट्या पेटवून वांगी भाजतात. पुढारी येत नाही. उद्या येतो, असा निरोप येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वांगी. असे दिवस जातात. शेवटी गावातली माणसं धूर दिसला की नदीपलीकडे पळायला लागतात. पुण्याच्या प्रकाशकाने ती छापली. खानदेशात तर लोकांनी ती हातोहात फिरवली. भडगावहून एक गृहस्थ केवळ नानांना बघायला आले होते. आल्यावर म्हणाले, तुम्ही दिसायला काही विनोदी नाही. नाना म्हणाले, "तुम्ही आहात."

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, या सगळ्यापासून लांब. लिहिता-वाचता येत नव्हतं. वाचन चालू असलं की त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. "तुम्हनं चालू द्या," म्हणायच्या आणि चहा उंबऱ्यावर ठेवून जायच्या.

नव्वद सालानंतर कधीतरी नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, मग थोडंथोडं परत आलं. नोकरी सुटली. बरेच महिने मी जायचो आणि बसून यायचो. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने लिहिलेली पानं दाखवली. अक्षर पोराच्या पहिल्या पाटीसारखं. खुर्ची त्यांना फिरवता येईना, ती मी फिरवली. त्यांना उचलून भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागे जाऊन सतरंजीवर बसलो.

त्यांनी वाचलं. जीभ अडखळत होती, ते सोडा. मजकुरातच काही नव्हतं. एका माणसाची कोंबडी हरवते. दोन पानांनी तीच कोंबडी पुन्हा हरवते. मधे ती सापडलेली नसते. नानांच्या ते लक्षात आलं नव्हतं. कोंबडी दुसऱ्यांदा हरवल्यावर ते थांबले. हसण्याची जागा होती ती.

अक्का पहिल्यांदाच दारात येऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या.

मी हसलो.

सोपं होतं. नाकातून एक श्वास सोडायचा, मग घशातून दोनदा, मग मांडीवर हात मारायचा. नानांची मान जरा ताठ झाली. "लांबी आहे," ते म्हणाले. अक्का आत गेल्या.

याला कुणी दया म्हणू नये. मी पुष्कळ वर्षं तसं म्हणून पाहिलं. खरं सांगितलं असतं तर त्या खोलीत त्यांच्यासमोर बसून राहावं लागलं असतं. हसलं की चहा पिऊन घरी जाता येत होतं. पुढच्या रविवारी त्यांनी दोन प्रकरणं तयार ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी जात राहिलो, हसत राहिलो. माझं हसणं सुधारत गेलं. एकही पान फाडलं गेलं नाही. तेवढ्यावरून तरी त्यांना शंका यायला हवी होती, असं मला आता वाटतं. पण ज्याच्यावर ते विसंबले होते तोच हसत होता.

मग धुळ्याच्या एका वाचनालयाचं बोलावणं आलं. वार्षिक कार्यक्रम होता. त्यांना 'बँड'मधलं वाचन हवं होतं. नाना म्हणाले, नवीन वाचतो. मला विचारलं, "वाचू ना?" मी म्हटलं, वाचा.

सभागृह भरलेलं होतं. लोक हसायच्या तयारीनेच आले होते. नानांना मी आणि एका कार्यकर्त्याने धरून स्टेजवर बसवलं. स्टेजवर लोकांकडे पाठ करता येत नाही. ते लोकांकडे तोंड करून बसले आणि मी पहिल्या रांगेत. त्यांनी वाचायला घेतलं. सुरुवातीला थोडे लोक हसले, जुन्या पुस्तकांच्या नावाने. मग थांबले. कुणीतरी खोकलं. मागे खुर्च्या वाजल्या. कोंबडी दुसऱ्यांदा हरवली आणि नाना थांबले.

एवढ्या मोठ्या सभागृहात कुणी हसलं नाही. म्हणून मी हसलो. सवयीने. नाक, घसा, मांडीवर हात.

नानांनी पानावरून डोळे उचलले आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत वाचताना त्यांनी माझं हसणं फक्त ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. माझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता ते मला माहीत नाही. त्यांना दिसलं. त्यांनी पानं एकावर एक नीट ठेवली आणि म्हणाले, "पुरे." लोकांना वाटलं, तब्येत. टाळ्या चांगल्या पडल्या.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. बस गावाबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "कुठपासून?"

मी म्हटलं, आजच फक्त, नाना. लोक गप्प होते म्हणून.

हे मी तेव्हाही खोटं बोललो.

 पारोळ्याला बस थांबली, लोक चढले-उतरले, बस निघाली. मग नाना म्हणाले, "आणि बँड?"

मला त्यांचा प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा मी त्यांच्याकडे वळलो. मी म्हटलं, बँड खरं होतं नाना, भरीत खरं होतं, शप्पथ सांगतो, मी खरोखर लोळलो होतो.

त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. "एका अंगठ्याने कापूस ओढता येत नाही, भो," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. घरातली पुस्तकं अक्कांना माळ्यावर टाकायला लावली. कुणी येऊन 'बँड'ची तारीफ केली तर ते शांतपणे विचारायचे, तुम्हाला कुणी पाठवलं? लोकांना ती थट्टा वाटायची आणि ते हसायचे. मी जात राहिलो. जाऊन बसायचो. मला काही वाटायचं नाही. वाईटसुद्धा नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी. ते अजून पूर्ण उतरलेलं नाही.

ते गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात अक्कांनी माळ्यावरून 'बँड' काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाची दावा त्यासले," म्हणाल्या. नाना खाटेवर पडून होते. नको म्हणाले नाहीत. मी मधलंच एक पान उघडलं.

दोन नवरदेव आणि घोडी एक, असा प्रसंग आहे. पंचमंडळी ठरवतात, दोघांनी एकाच घोडीवर बसावं. ज्याचा मुहूर्त आधी तो पुढे. वरात अशी मांडवाच्या दारात येते. नवरीची आई ओवाळायला ताट घेऊन पुढे होते, घोडीवर दोन जावई बघते, दोघांना न्याहाळते आणि आपल्या नवऱ्याला म्हणते, "दोन्ही ऱ्हाऊ द्या. निवडी लेऊत."

स्वयंपाकघराच्या दारातून अक्का हसल्या. भाकरी थापता थापता उठून आल्या असाव्यात. चौकटीला धरून वाकून वाकून हसत होत्या. "निवडी लेऊत म्हने," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. हाताचं पीठ डोळ्यांना, गालांना लागत होतं.

नानांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग विचारलं, "यानी सांगं का तुले हासाले?"

अक्कांना ते ऐकूही गेलं नाही. मी नाही म्हटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अक्कांकडेच बघत राहिले, त्यांचं हसणं पूर्ण संपेपर्यंत.

"पुढे वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. पुढे घोडी मांडवाच्या दारातच बसते, तिथे मलाही हसू आलं. ते ऐकू जाऊ नये म्हणून मी थांबून पाणी प्यालो.