तांब्याभर पाणी
नव्या रबराचा वास आला की मला परळचा मामाचा तबेला आठवतो. मामाकडे वरातीची एक पांढरी घोडी होती. ती म्हातारी झाली, गुडघे सुजले, आणि थंडगार लादीवर बसायचीच बंद झाली. रात्रभर उभीच राहायची. म्हणून एका रविवारी मामाने आणि मी लादी खरवडून धुतली आणि जाड काळ्या रबरी मॅट कापून भिंतीपर्यंत घट्ट बसवल्या. पण घोडी दारातच अडली. मामाने गूळ दाखवला, लगाम ओढला, शेवटी वैतागून बाहेर जाऊन बसला. तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "जल्मभर मांडवाच्या दारार हिच्या पायार पाणी पडला," ती म्हणाली, "आता तशीच कशी आत जातली?" तिने चारही खुरांवर सावकाश पाणी घातलं. घोडीने कान हलवले, एक पाय मॅटवर ठेवला, मग दुसरा. संध्याकाळी ती पाय दुमडून आडवी झाली, तेव्हा मामा कितीतरी वेळ दाराशी नुसता उभा होता. आज मामीच्या बाथरूममध्ये मी तशीच मॅट अंथरली. आता तिचेही गुडघे गेलेत. काठी टेकत आली आणि उंबऱ्याशी थांबली. मी तांब्या भरला.