रिकाम्या हार्नेसचं वजन

भूतबीत, छाया, लागीर… यातलं काहीही मी मानत नाही. जव्हारला एका खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. घरी कुणी असले विषय काढले की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. तरीही हे लिहितेय, कारण तीन वर्षं झाली, आणि मला अजून याचा उलगडा होत नाही.

सुट्टीच्या दिवशी आमचा लहानसा ग्रुप रॅपलिंग घेतो. म्हणजे दोराने कडा उतरायचा. त्या रविवारी पोशेऱ्याच्या बाजूला होतो. भातकापणी उरकलेली, आकाश स्वच्छ. साधारण नव्वद फुटांचा सरळ कडा. वर मी, खाली महेश, दोघांकडे वॉकीटॉकी. कड्याच्या माथ्यालगत गावातल्या लहानूकाकांचं नागलीचं शेत होतं, ते बांधावर बसून आमची गंमत बघत होते.

माणसं दहा आणि हार्नेस सहा. त्यामुळे खाली पोचलेल्याने कमरेचा आणि मांड्यांचा तो पट्ट्यांचा साज उतरवायचा, महेशने तो ओढायच्या वेगळ्या दोराला बांधायचा आणि मी वर ओढून पुढच्याला घालायचा. नऊ जण उतरले. शेवटच्या राहिल्या खोडाळ्याच्या सविता मॅडम, शाळेत शिकवतात. अंगाने बारीक, म्हणून त्यांना लहान मापाचाच हार्नेस हवा होता. तो नेमका खाली गेला होता.

सव्वाअकरा वाजले असतील. महेश म्हणाला, "बांधला ताई, ओढा."

हार्नेसचं वजन ते किती, वाटीभर तांदळाइतकं. मी ओढला. हात-दोन हात आला, आणि थांबला. दोर ताठ! अडकला असेल म्हणून झटका दिला, तर उलट मलाच खाली ओढ बसली. दोर पटकन माझ्या कमरेच्या डिव्हाइसमध्ये, म्हणजे दोर पकडून धरणाऱ्या कडीत, अडकवला. त्यावर वजन आलं आणि माझ्याच हार्नेसचे पट्टे मांड्यांत रुतले. सात वर्षं माणसं उतरवतेय मी. दोराला माणूस लटकला की कसं लागतं ते अंगाला कळतं. साठेक किलो… आणि ते हलत होतं. अडकलेला दोर दगडासारखा लागतो. हे तसं नव्हतं.

"महेश, कुणी लटकलंय का दोराला?"

"नाही ताई. सगळे माझ्यामागे उभेत." मग त्याने वर पाहिलं असणार. "हार्नेस हवेत थांबलाय. माझ्या डोक्याच्या वर."

"कशाला अडकलाय?"

"कशालाच नाही… ताई, पायाच्या पट्ट्या गोल झाल्यात. कुणी आत बसल्यासारख्या."

मी त्याला ओरडले, मस्करी पुरे म्हणून. तो मस्करी करत नव्हता, आवाजावरून कळत होतं.

मॅडम कंटाळल्या होत्या. "अहो ताई, तो मोठा हार्नेस आहे ना इथे? घट्ट आवळून घेते. उतरायचा दोर लावलेलाच आहे, मी जाते."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. पण त्यांचं बकल तपासायला मला हात मोकळे हवे होते आणि दोर सोडायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात लहानूकाका बांधावरून म्हणाले, "बसलाय कोन तरी. नको ओढू बाय. बसू दे त्याला."

"कोण बसलंय, काका?"

"मना काय ठावं?" ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

दहा-बारा मिनिटं मी तशीच टाच रोवून उभी. मग आवाज आला. आधी वाटलं, लांब कुठे ट्रॅक्टर चालू झाला. कड्याच्या पोटात, वरून, खालून किंवा उतरतानाही दिसणार नाही अशा बाजूच्या कपारीत, आग्या मोहोळ होतं. घारीएवढा एक पक्षी त्यावर झडप मारून गेला आणि माश्या उठल्या. सगळा कडा काळा झाला… बरोबर उतरायच्या दोराच्या रेषेत. मी मॅडमना जमिनीवर पालथं पाडलं, काकांनी आमच्यावर घोंगडी टाकली. खालचे सगळे ताडपत्रीत शिरले. मला चार डंख, महेशला सहा, काकांना कितीतरी. पण दोरावर कुणी नव्हतं. मधल्या मध्ये लटकलेल्या माणसाला ना वर येता येतं, ना पळता येतं.

पाऊण तासाने माश्या बसल्या. दोराचं वजन कधी गेलं, मला कळलंच नाही. हार्नेस सरसर वर आला, पिसासारखा हलका.

लोक म्हणतात, कपारीत अडकला असेल. वाऱ्याने पट्ट्या फुगल्या असतील. असेलही. मॅडम म्हणतात, देवाने वाचवलं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. काकांना नंतर दोनदा जाऊन विचारलं. ते डंखांबद्दल बोलतात, दुसरं काही नाही.

पण एक गोष्ट कुणालाच सांगता येत नाही. महेशने कमरेचा पट्टा पूर्ण मोकळा करून बांधला होता. खालच्या तिघांनी पाहिलंय. वर आला तेव्हा बकल लागलेलं होतं, पट्ट्याचं टोक उलटं फिरवून परत ओवलेलं, आम्ही शिकवतो अगदी तसं. मी ते सोडवण्याआधी पिशवीतली टेप काढून माप घेतलं. बावीस इंच. आमच्या दहांत एवढी बारीक कंबर कुणाचीच नव्हती, मॅडमचीसुद्धा नाही.

दोरावर वजन होतं मोठ्या माणसाचं. आणि कंबर आठ-नऊ वर्षांच्या लेकराची.