गचका बसला की बंद पडणारी गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला बोलता येणार नाही. मी अंबडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि राहतो जालन्यात, मस्तगडला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा पराक्रम एका विज्ञानाच्या सरांचा आहे, हे तुम्ही विसरता कामा नये.

तर, नवी मोटारसायकल घेतली. काय गाडी होती महाराज! किल्ली फिरवली की समोरचा पडदा उजळायचा. पेट्रोल किती, गियर कितवा, सगळं सांगायचा. मी नुसती किल्ली फिरवून बघत बसायचो.

शोरूमवाला पूजा झाल्यावर हँडलला लिंबू-मिरची बांधायला लागला. मी त्याचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "गाडी इंजिनवर चालते, लिंबावर न्हाई."

"बांधू द्या की," माझी बायको सुनंदा म्हणाली, "लिंबू काय पेट्रोल पिऊन राह्यलं का?"

पण मी पडलो तत्त्वाचा माणूस. लिंबू परत गेलं.

घरी आलो तर शेजारचे फारूकभाई दारातच उभे. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सर, लई जबरदस्त चीज हाय. सगळ्या गल्लीची नजर हाय बघा हिच्यावर."

झालं. तो शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला. सुनंदा भाजी आणायला गेली तेव्हा मी तिच्या शिलाईच्या डब्यातला काळा दोरा काढला, त्यात एक बिब्बा ओवला आणि गाडीच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, घट्ट बांधून टाकला. तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. विज्ञान आपल्या जागी बरोबरच आहे, पण गाडी नवी होती ना!

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आम्ही दोघं तिच्या आईकडे अंबडला निघालो. गतिरोधक आला, गचका बसला आणि इंजिन एकदम बंद. मागे उसाचा ट्रॅक्टर. त्याने असा काही हॉर्न दिला की सुनंदाने माझा शर्ट मुठीत धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. कारण पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्यातही तेच. आता जालना-अंबड रस्त्यावर खड्डे नाहीत असं कोण म्हणेल?

"मी बसणार न्हाई या गाडीवर," सुनंदा म्हणाली. "आईकडं एसटीनं जाईन. जीव वर आला का माझा?"

हे मात्र मनाला लागलं. गाडी घेतली होती ती तिला मागे बसवून न्यायलाच. मी जाहीर करून टाकलं, की गाडी बनवतानाच हिच्यात दोष राहिलेला आहे.

"मंग सोडू नका," फारूकभाई म्हणाले. "दोष निघाला तर कंपन्या गाड्या परत बोलावतात. मोबाइलवर बघितलं म्या."

मी कशाला सोडतोय? शोरूमच्या माणसाने समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "बिलकुल ठीक हाय सर." मी थेट कंपनीकडे तक्रार केली. शाळेत व्याख्यान दिलं. गल्लीतल्या एकाने हीच गाडी ठरवली होती, ती मी त्याला रद्द करायला लावली. माणसाचा जीव महत्त्वाचा, म्हटलं.

शेवटी कंपनीने इंजिनियर पाठवली. तरुण मुलगी होती. शोरूमच्या अंगणात मी, साक्षीदार म्हणून फारूकभाई, पीडित म्हणून सुनंदा आणि बघे म्हणून निम्मी आळी. तिने गाडीला वायर लावली, हातातल्या यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, गाडी सांगतेय की चालताना तिला साइड स्टँड खाली आल्यासारखा वाटला. म्हणून तिने इंजिन बंद केलं."

मी थक्क झालो. गाडी सांगतेय?

"पण मी स्टँड दर वेळी वर करतो," मी म्हणालो.

तिने वाकून स्टँड वर ढकलला. "वर जातो, पण पूर्ण जात नाही. आत काहीतरी अडकलंय. गचका बसला की अजून थोडा खाली येतो."

"बघा," मी बघ्यांकडे वळलो, "कारखान्यातच काहीतरी आत राहून गेलं!"

तिने पकडीने दोरा तोडला आणि ती वस्तू बाहेर काढली.

"आरं, हा तर बिब्बा हाय," फारूकभाई म्हणाले.

माझ्या तोंडातून निघालं, "मी नको म्हणलो तरी शोरूमवाल्यांनी चोरून बांधला."

"आईशप्पथ सर, आम्ही न्हाई," शोरूमवाला कळवळून म्हणाला.

सुनंदाने दोरा हातात घेतला. "हा तर माझ्या डब्यातला दोरा. कवाचं रीळ हुडकून राह्यले मी. आन् ही गाठ यांच्या बुटाची. कात्रीशिवाय सुटत न्हाई."

कामात बिब्बा घालणं म्हणतात ते आजवर नुसतं ऐकलं होतं.

इंजिनियर बाई मात्र हसली नाही. "सर, लोंबता स्टँड डाव्या वळणावर जमिनीला टेकला की गाडी आडवी होते. स्टँडपाशी असलेल्या स्विचने इंजिन बंद केलं, म्हणून तुम्ही तिथपर्यंत गेला नाहीत."

तिने तो स्विच दाखवला. केवढा, तर चिंचोक्याएवढा. मी गल्लीला फसवलं, शाळेला फसवलं, सख्ख्या बायकोला फसवलं. हा बेटा काही फसला नाही. मी गावभर त्याची बदनामी करत होतो आणि तो प्रत्येक गचक्याला आम्हा दोघांचा जीव सांभाळत होता. कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी, माझ्यासारखा माणूस जन्माला आलेला असणारच, हे धरून तो बसवला होता. मला खरोखर भरून आलं.

शोरूमवाल्याची माफी मागितली आणि गाडी सुरू केली. मागे बघतो तर सुनंदा पदर खोचून बसायच्या तयारीत.

"भीती न्हाई वाटत आता?" मी विचारलं.

"आता कशाची भीती?" ती म्हणाली. "गाडीला अक्कल हाय. तुमच्या दोघांत एकाला तरी पाहिजेच होती."

मी मुकाट्याने गियर टाकला. गाडी बंद पडली. स्टँड खालीच होता.