रिलीव्हर आला नव्हता

१९८४ सालच्या मे महिन्यातला एक मंगळवार. वेळ सकाळी नऊ चाळीस. बोरिवलीकडच्या आमच्या पोलीस ठाण्यात तेव्हा हजर होतो मी, एक जुने हवालदार आणि तक्रार घेऊन आलेले एक गृहस्थ. नोकरीत हजारो नोंदी केल्या, पण त्या दिवसाची नोंद मला अजून तोंडपाठ आहे. खरी नावे लिहिणार नाही. मुलीला संध्या म्हणू, तिच्या दोन मित्रांना सुहास आणि विलास.

गृहस्थ संध्याचे वडील. अंधेरीच्या एका कारखान्यात पाळीवर सुपरवायझर होते. रात्रभर झोपले नव्हते, तरी शर्ट इस्त्रीचा होता. मुलीचे वय सोळा वर्षे चार महिने. दहावीची परीक्षा झाली होती. आदल्या दिवशी सकाळी साडेसातला ती टायपिंगच्या क्लासला म्हणून निघाली आणि परतली नाही.

"क्लासवाल्याकडे जाऊन आलो, साहेब. शनिवारपासून ती तिकडे फिरकलेलीच नाही."

"कोणावर संशय?"

"संशय कसला, खात्री आहे. चाळीतला तो सुहास. सतरा वर्षांचा घोडा. गर्दुल्ला आहे, सगळ्या वसाहतीला माहीत आहे. तोही शनिवारपासून गायब. त्यानेच पळवली माझी पोरगी. त्याला उचला आणि आत टाका."

गर्द म्हणजे ब्राउन शुगर. त्या वर्षांत तिने उपनगरांतली बरीच कोवळी पोरे खाल्ली. सुहासला मी ओळखत होतो. पूर्वी दोनदा त्याला मैदानाच्या भिंतीमागून उठवून घरी सोडले होते. घर म्हणजे दारू पिणारा बाप आणि कायम बंद असलेला स्टोव्ह. आई धाकट्या दोघांना घेऊन चिपळूणकडे माहेरी निघून गेली होती.

नियमाने अपहरणाचा गुन्हा मी तत्काळ नोंदवायला हवा होता. सतरा वर्षांचा मुलगा तेव्हा कायद्याने मोठ्यांत मोजला जाई. एकदा कागद झाला की सुहास कोठडीत जाणार आणि तिथून तो काय होऊन बाहेर पडेल, हे मला ठाऊक होते. मी ठाणे दैनंदिनीत मुलगी हरवल्याची नोंद केली आणि संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ मागितला. हे नियमाला धरून नव्हते. आजही मी त्याचे समर्थन करत नाही.

माहिती मिळाली ती सरकारी दूध केंद्रावरच्या बाईंकडून. हवालदार रोज तिथेच दूध घेत. बाई त्यांना म्हणाल्या, "तो विलास आहे ना, मिलवाल्याचा, तो रोज एक बाटली न्यायचा. शनिवारपासून तीन न्यायला लागला. दोन घरच्या नव्हेत, दुसऱ्याच कार्डावर. कार्ड कुणाचं ते नीट बघूसुद्धा देत नाही. आज मात्र बापाबरोबर आला आणि एकच घेऊन गेला. रडलेला दिसत होता."

सुहास, विलास आणि संध्या लहानपणापासून एकत्र वाढलेले. तीन दिवस दोन बाटल्या जास्त, आणि आज नाही. साडेअकराला विलासला ठाण्यात आणले.

अंगाने काडी, ओठावर नुकती लव. बाकावर बसला तो हात मांड्यांखाली दाबून. मी विचारले, हवालदारांनी दरडावले, पुन्हा मी विचारले. उत्तर एकच, "माहीत नाही, साहेब." खोटे बोलणारा माणूस सहसा विचारणाऱ्याकडे बघतो, आपले खोटे चालले की नाही ते पाहायला. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. पाऊण तासात अकरा वेळा. मी मोजले.

शेवटी तोच बोलला. "साहेब, मला दोन तास सोडा. परत येतो, आईशपथ. मग हवं तेवढं मारा."

हवालदार हसले. "का रे? पिक्चरचं तिकीट काढलंयस?"

"माझी पाळी चुकली, हवालदारसाहेब. कालची दुसरी, तिसरी, दोन्ही."

"कसली पाळी? तू कुठल्या मिलमध्ये लागलास?"

त्यावर पोराचा बांध फुटला. शनिवारी सुहासने स्वतःच दोघांना सांगितले होते की मला कोंडून ठेवा, मला गर्दमधून सुटायचे आहे. विलासची मावशी सुट्टीत कोकणात गेलेली. तिच्या खोलीची किल्ली आणि दुधाचे कार्ड त्याच्याकडे. त्यांनी मिलसारख्या पाळ्या लावल्या. सकाळी आठ ते चार संध्या, चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विलास. घरी त्याने सांगितले होते की मावशीच्या खोलीत राखण म्हणून झोपतो, आणि संध्याने की क्लासनंतर मैत्रिणीकडे थांबते. सोमवारी दुपारी विलासच्या वडिलांना कोणीतरी सांगितले की तुमचा पोरगा गर्दुल्ल्याबरोबर फिरतो. त्यांनी याला चोपले आणि बाहेरून कडी घातली.

"ती कालपासून एकटी आहे तिकडे," विलास म्हणाला. "सोडून निघून जा म्हटलं तरी जाणार नाही ती. आणि तो उठला ना, तर तिला आवरायचा नाही."

एक महिला शिपाई बरोबर घेतली. ती, मी आणि हवालदार, तिघेही साध्या कपड्यांत, जीप वसाहतीबाहेर उभी केली. तिसऱ्या मजल्यावर विलासने दार वाजवले.

"कोण?"

"मी, विल्या."

"मेल्या, कुठे उलथला होतास रे कालपासून?" कडी निघाली. मला पाहताच ती उंबरठ्यात आडवी उभी राहिली. डोळे खोल गेलेले, वेणी मात्र घट्ट. "साहेब, आज चौथा दिवस आहे. अजून तीन दिवस द्या. मग न्या त्याला."

"बाजूला हो, बाळ. न्यायला नाही आलो, बघायला आलोय."

आत मे महिन्याच्या उकाड्यात सुहास दोन गोधड्यांखाली कुडकुडत होता. उशाशी बादली, ग्लुकोजचा पुडा, दुधाची उलटी पुसलेली फडकी. संध्याच्या मनगटावर दातांचे व्रण होते. महिला शिपायाने विचारले तर म्हणाली, "मांजर चावलं." सुहासने गोधडीतून तोंड काढले. "मांजर नाही, मीच. दार उघड म्हणून चावलो. तरी नाही उघडलं तिने. साहेब, तिला काही करू नका. मीच सांगितलं होतं, कितीही शिव्या घातल्या तरी उघडू नकोस म्हणून."

"तुझा कोण लागतो गं हा?" शिपाईबाईंनी विचारले.

"कोणी नाही लागत," ती म्हणाली, आणि मान फिरवली. विलास तेव्हा बादली उचलून मोरीकडे गेला. भिंतीवर वहीचे पान चिकटवलेले होते, त्यावर सात दिवसांच्या पाळ्या विलासच्या अक्षरात. सातही रात्री त्याने स्वतःच्या नावावर लिहिल्या होत्या. तिच्याबद्दल कोणाला बोलायला जागा राहू नये, म्हणून. ते त्याने मला सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती.

सुहासला महापालिकेच्या रुग्णालयात नेले. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "अंगात पाणी उरलेलं नाही याच्या. अजून एक दिवस गेला असता तर पंचनामा केला असतात. हे पोरांचं काम आहे का?" तिघांनीही ऐकले. संध्या तिथे पहिल्यांदा रडली.

पाचला दहा मिनिटे कमी असताना तिचे वडील ठाण्यात आले. मुलगी सुखरूप पाहून त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला, मग पुन्हा कठीण. "घ्या, साहेब, लिहून घ्या माझी तक्रार. रात्रभर पोरगी त्याच्याबरोबर एका खोलीत! लोकांना काय तोंड दाखवू?" मग तिच्याकडे वळून, "पाच मिनिटांवर घर होतं! यायला काय झालं होतं तुला?"

ती इतक्या हळू बोलली की मलाही पुढे वाकावे लागले. "बाबा, रिलीव्हर आला नव्हता ना."

वीस वर्षे ते पाळीवर काम करत होते. बदलीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचे नाही, हे सांगणे हीच त्यांची नोकरी. स्वतः किती तरी वेळा डबल ड्यूटी करून ते घरी आले असतील आणि उशीर का झाला ते याच शब्दांत सांगितले असेल. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे परत सरकवला. मग विचारले, "जेवलीस का काल?"

"नाही."

"चल."

तक्रार झाली नाही. दैनंदिनीत मी लिहिले, "सदर मुलगी आजारी मित्राच्या शुश्रूषेस होती, दुसरा इसम वेळेवर न आल्याने थांबली, सुखरूप मिळून आली." वडिलांनी खाली सही केली.

सुहासच्या बापाला निरोप गेला, तर उत्तर आले, "मला मुलगा नाही." दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. दमदाटी करायचे ठरवून गेलो होतो, पण तो माणूस मोडक्या खुर्चीत एवढासा होऊन बसला होता. म्हणाला, "जाऊन काय बोलू त्याच्याशी, साहेब?" मी म्हटले, "काही बोलू नका. नुसते बसा." आठवडा गेला. नवव्या दिवशी वॉर्डात डोकावलो, तर तो दाढी करून स्टुलावर बसला होता. बाप-लेक एकमेकांकडे बघत नव्हते. मधे एक मोसंबे अर्धे सोललेले होते.

सुहास एकोणिसाव्या दिवशी घरी गेला. वर्षभराने पुन्हा घसरला, पुन्हा त्याच वॉर्डात राहिला. त्यानंतर नाही. संध्याचे आणि त्याचे लग्न झाले का, असे वाचक विचारतील. नाही झाले. विलासशीही नाही. ती पुढे परिचारिका झाली, एवढे मला माहीत आहे.

हरवल्याची तक्रार घेताना मी पूर्वी सात प्रश्न विचारत असे. शेवटी काय नेसली होती, पैसे नेले का, कोणाशी बोलत होती, वगैरे. मुलगी घर सोडून गेली म्हणजे ती कोणाबरोबर तरी गेली, हे मी धरूनच चालत होतो. त्या मंगळवारनंतर आठवा प्रश्न घातला, ओळखीत कोणी आजारी आहे का? आईबाप चिडत. तक्रारीशी याचा काय संबंध, म्हणत. निवृत्तीपर्यंत त्या एका प्रश्नाने मला चार मुले सापडली. चौघेही कोणाच्या तरी उशाशी बसलेले होते.