दुर्बिणीच्या बैठकीतला मोडका स्क्रू

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. अकोले गावच्या पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. एके सकाळी राजूरकडच्या गाडीनं माझे मामा आले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि बोटभर लांबीची एक काळी बैठक माझ्यापुढे ठेवली. मामांच्या लायसनच्या रायफलीवर दुर्बीण होती. दुर्बिणीच्या कड्या या बैठकीवर स्क्रूनं आवळलेल्या असत. त्यातल्या एका स्क्रूचं डोकं तुटलं होतं आणि उरलेला तुकडा भोकात रुतून बसला होता.

"ढिला लागला म्हनून आवळला, तर मुंडकंच हातात आलं," मामा म्हणाले. "तुझी मामी म्हनली, बैलाचं जू हाय का त्ये, एवढा जोर लावाया?"

हसायची वेळ नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. मामांच्या रानातला एक झरा तेवढा जिवंत राहिला होता. त्या ओलीवर शेजारच्या चार घरांनी मिळून बियाण्यापुरता भुईमूग लावला होता. घरातलं बाकीचं बियाणं केव्हाच खाऊन संपलं होतं. शेंगा भरत आल्या तशी डोंगरातली डुकरं उतरू लागली. राखणीचा शब्द मामांनी दिला होता. पण साठीच्या मामांना रायफलीवरची जवळची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी एकाच वेळी स्पष्ट दिसत नसे. दुर्बिणीतून मात्र नेम धरता येई.

याहून बारीक स्क्रू मी रोज हाताळत होतो. तुकड्यावर खाच पाडू लागलो, तर अवजार घसरलं. रॉकेल सोडलं, बैठक गरम केली, सुईच्या टोकानं तुकडा उलटा ढकलून पाहिला. तो तसूभर हलला नाही. मामा बाकावर बसून सगळं बघत होते.

आम्हा घड्याळजींचा एक जुना उपाय आहे. पितळी पट्टीत पोलादी स्क्रू तुटला, की पट्टी तुरटीच्या गरम पाण्यात ठेवायची. तुरटी पोलाद खाते, पितळेला धक्का लावत नाही. बैठकीचा काळा रंग एका कडेला खरवडला होता आणि तिथं पिवळं चमकत होतं. पितळ आहे, मी म्हणालो. लोहचुंबक लावला असता तर खरं काय ते लगेच कळलं असतं. पण घड्याळजीच्या दुकानात लोहचुंबक येऊ देत नाहीत. त्यानं घड्याळातली केसासारखी कमान बिघडते. शेजारच्या रेडिओवाल्याकडे होता. मी उठून गेलो नाही. मामांसमोर मला शंका दाखवायची नव्हती.

मी तुरटी चहाच्या पातेल्यात टाकली, तेव्हा मामा म्हणाले, "भाचेबुवा, चुकून पत्ती टाकू नका म्हंजे झालं."

ते मुक्कामाला थांबले. दुसऱ्या दिवशी सुई टोचताच तुकडा भुसभुशीत होऊन बाहेर आला. मामांनी माझ्या पाठीत थाप मारली. मी नवा स्क्रू घातला आणि पिळला. तो पकडेना. नुसता फिरत राहिला. भिंग लावून पाहिलं, तर भोकातले आटे झिजून गेले होते. पिवळा दिसला तो वरचा मुलामा. आत सगळं पोलाद होतं आणि तुरटीनं स्क्रूबरोबर आटेही खाल्ले होते. जाड स्क्रूसाठी भोक वाढवावं, तर कड फुटेल इतकी पातळ झाली होती.

"स्क्रू काढ म्हनलं हुतं," मामा हळूच म्हणाले. "तू भोकासकट काढलास."

तशी बैठक आमच्या भागात कुठं मिळणार नव्हती. मामांनी ती पुन्हा रुमालात बांधली. जाताना मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी मामांच्या गावी गेलो. मामांनी दुर्बीण तारेनं बांधली होती, पण पहिल्याच बाराला ती तिरकी झाली. मग नुसत्या डोळ्यानं मारलेले बार कुठे गेले ते त्यांनाही सांगता येईना. आम्ही झऱ्यापाशी पोचलो तेव्हा सगळा तुकडा डुकरांनी नांगरल्यासारखा उलथून टाकला होता. त्या चार घरांतली एक म्हातारी सुनेबरोबर मातीत उरल्यासुरल्या शेंगा वेचत होती.

"भाऊ, तुमी तरी काय करनार," ती मामांना म्हणाली. "डोळं थकलं आता."

मला राहवलं नाही. "आजी, दोष मामांच्या डोळ्यांचा नाही. चूक माझी आहे," मी म्हणालो, आणि तुरटीपासून मुलाम्यापर्यंत सगळं सांगू लागलो. तिनं तोंडाला पदर लावून थोडा वेळ ऐकून घेतलं.

"मग डुकरं तुज्यामुळं आली व्हय?" तिनं विचारलं.

"तसं नाही, पण..."

"मग ऱ्हाऊ दे, लेकरा." ती पुन्हा मातीत वाकली.

मी काहीतरी आणखी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी माझ्या हातात पिशवी दिली. "मला माती न् शेंग एकसारखीच दिसती," ते म्हणाले. "तू वेच. ऊन चढायच्या आत."

दुपारपर्यंत आम्ही वेचत होतो. भरलेली शेंग क्वचितच हाती लागत होती. चार घरांना वाटून द्यावं, एवढं काही निघालं नाही.