ज्वालामुखीवरच्या रेल्वेचं गाणं

एमएस करायला अमेरिकेत आले, तेव्हा परवडणारी खोली मिळाली ती डोंगरावर, आणि युनिव्हर्सिटी खाली नदीकाठी. दोन्हींच्या मधे उभ्या उतारावर रूळ टाकलेली छोटी रेल्वे होती. लोखंडी दोराला बांधलेला एक डबा वर यायचा, तेव्हा दुसरा खाली जायचा. मी नागपूरच्या सपाटीवर वाढलेली. तो उतार नुसता बघूनच मी दोन पावलं मागे सरायचे. म्हणून लांबचा वळसा घेणारी बस मी धरायचे.

एका सकाळी बर्फामुळे बस कॅन्सल झाल्या, आणि त्याच दिवशी माझी परीक्षा होती. घरमालकीण म्हणाली, "चल, मी येते सोबत." सत्तरी ओलांडलेली बाई. तिचे आजोबा नेपल्सहून इकडे आले होते.

आम्ही डब्यात बसलो. मी डोळे मिटून बाक घट्ट धरून ठेवला. अर्ध्या वाटेवर धक्का बसला आणि डबा थांबला. वाऱ्याने काचा थरथरत होत्या. डोळे उघडले तर समोर फक्त हवा, आणि खूप खाली पांढरी पडलेली नदी. मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

मालकीण काहीतरी गुणगुणू लागली. मग म्हणाली, "हे आमच्याकडचं गाणं. नेपल्सजवळ ज्वालामुखीच्या डोंगरावर अशीच रेल्वे बांधली होती, पण लोक घाबरून बसेनात. मग हे गाणं रचलं. त्यात गाणारा आपल्या प्रेयसीला म्हणतो, चल, वर जाऊ. गाणं इतकं गाजलं की लोक बसायला लागले, असं आजोबा सांगायचे."

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे डोंगर पेटला. लाव्हाने रेल्वे गिळून टाकली." माझा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "तेव्हा डब्यात कुणी नसणार बहुतेक."

तेवढ्यात डबा हलला. तेव्हा कळलं, तिने माझी बाही मुठीत आवळून धरली होती.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"पहिल्यापासून. म्हणून तर गाते."

परीक्षेत पहिलं पान लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं, पण पेपर बरा गेला. संध्याकाळी घरी पोचले, तेव्हा ती स्वयंपाकघरात सूप ढवळत होती. परत कशा आलात, म्हणून विचारलं.

"टॅक्सीने," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे वाटी सरकवली.