शेठजींच्या हिरवळीवरचं इंजिन

आमच्या घरात यंत्रातलं सगळ्यात जास्त मला कळतं, हे फक्त मला एकटीलाच माहीत होतं.

लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंचं अडून बसलेलं शिवणयंत्र मी उघडलं, रॉकेलनं पुसलं आणि परत जोडलं. जोडून झाल्यावर एक बारीकसा तुकडा उरला होता. तो मी पदराला बांधला आणि यंत्र फिरवलं, तर ते पूर्वीपेक्षा गोड चालायला लागलं! तेव्हापासून माझं ठाम मत होतं की कारखानदार लोक यंत्रात काही तुकडे उगाच घालतात.

त्या वेळी आम्ही खालापूरजवळ एका बंगल्याच्या आवारात राहायचो. बंगला मूळचा एका इंग्रजाचा. इंग्रज देशातून गेले तेव्हा तोही गेला आणि मुंबईच्या एका शेठजींनी बंगला घेतला. माझे यजमान त्याची देखभाल बघायचे, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: हे, मी, सासूबाई आणि मामंजी. साहेबानं जाताना बंगल्यासमोरची मोठी हिरवळ मागे ठेवली आणि ती कापायचं पेट्रोलचं यंत्रही. यंत्र म्हणजे पुढे पात्यांचा गोल रूळ, वर इंजिन, मागे धरायला लांब दांडा. ढकलायची गरज नाही. ते आपलं आपण चालायचं, माणसानं फक्त मागून दिशा द्यायची.

तर नवरात्र तोंडावर आलं, गवत पोटरीला लागायला लागलं आणि नेमकं ते यंत्र बंद पडलं. शेठजींचा निरोप आला की रविवारी व्याही मंडळींना घेऊन येतोय, चहा हिरवळीवर घेऊ. यंत्र दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं ते तुम्हीच ठरवून ठेवा, असंही त्यात होतं.

ह्यांची झोप उडाली. नवं घ्या म्हणावं, तर शेठजी म्हणणार की आहे ते सांभाळता आलं नाही. दुरुस्त करा म्हणावं आणि ते रविवारी चाललं नाही, तर व्याह्यांसमोर शेठजींची शोभा. दोन्हीकडून यंत्राऐवजी माणूसच बदलायची पाळी यायची आणि माणसाबरोबर दोन खोल्याही जायच्या.

मामंजींचं मत दुरुस्तीचं होतं. ते कर्जतच्या इंजिन शेडमध्ये फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. बोरघाट चढताना गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनांवर त्यांचं आयुष्य गेलं. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा त्यांनी रागानं पेन्शन घेतली. दुरुस्तीच्या बाजूनं असले तरी पेट्रोलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पाणी न पिणारं इंजिन हे इंजिनच नव्हे, असं ते म्हणत. (सासूबाईंचं मत कोणी विचारलं नाही. त्या दिवसभर शेठजींचे पडदे धूत होत्या.)

कुंपणापलीकडच्या बारकूबाईनं तिसराच मार्ग काढला. तिच्या खळ्याला आणि आमच्या हिरवळीला मध्ये फक्त मेंदीची रांग होती. तिथून मान वर काढून ती म्हणाली, "अगं बाय, कशाला डोकं शिणवतीस? माजी म्हस सोडते. दोन दिसांत समदं साफ. पेट्रोल नको नि काय नको."

ह्यांना ते मनापासून पटलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग मात्र मला राहवलं नाही. मी पदर खोचला आणि जाहीर केलं, "यंत्र मी दुरुस्त करते. तुम्ही फक्त पेट्रोलचं बघा."

पेट्रोल तेव्हा कूपनावर मिळायचं. ह्यांनी कोणाकोणाच्या हातापाया पडून एक बाटली मिळवली, तीही पुरती भरलेली नव्हती. म्हणजे आधी चालवून बघायची सोय नाही. जे काय व्हायचं ते एकदमच, रविवारी.

मी व्हरांड्यात जुनं सतरंजीचं पटकूर अंथरलं आणि यंत्र उघडलं. आत इतकी माती आणि वाळकं गवत होतं की ते बंद का पडलं यापेक्षा इतके दिवस चाललं कसं, याचंच नवल. मामंजी आरामखुर्चीत बसून मला वाफेच्या इंजिनाच्या सूचना देत होते. मी हो हो म्हणत होते आणि एक एक भाग रॉकेलमध्ये बुडवत होते. संध्याकाळपर्यंत सगळं लख्ख होऊन परत आपापल्या जागी बसलं. एक लहानशी स्प्रिंग तेवढी उरली.

हे तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ही कुठली?"

"जास्तीची," मी म्हणाले.

इतक्या आत्मविश्वासानं मी आयुष्यात दुसरं कुठलंच वाक्य बोललेली नाही.

रविवारी सकाळी आंघोळी उरकून आम्ही सगळे हिरवळीच्या कडेला उभे राहिलो. दांडा धरायचा मान मामंजींनी मागून घेतला. ठेवणीतला काळा कोट आणि डोक्यावर टोपी घालून ते यंत्रामागे उभे राहिले. बाटली ओतली. मी दोरी ओढली. एकदा ओढली, दोनदा ओढली, आणि तिसऱ्यांदा ते असं गरजलं की आंब्यावरचे सगळे कावळे उडाले!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे चक्क हसले. मामंजींनी खटका पुढे केला आणि यंत्र निघालं. गवताचा हिरवा पट्टा मागे कापला जात होता, सरळ, सुंदर. हिरवळीच्या टोकाशी पोचल्यावर मामंजींनी वेग कमी करायला खटका मागे घेतला. वेग कमी झाला नाही. उलट वाढला.

ती स्प्रिंग कशासाठी होती, हे मला त्या क्षणी समजलं.

यंत्र कर्दळीच्या वाफ्यात शिरलं. तांबड्या कर्दळी एका मागोमाग एक आडव्या झाल्या. हे पळत पळत ओरडत होते की सोडा, दांडा सोडा. मामंजी सोडेनात. नंतर त्यांनी सांगितलं की ड्रायव्हर चालतं इंजिन सोडून उतरत नसतो, तसा नियमच आहे. कर्दळींतून ते मेंदीत घुसले आणि मेंदीतून पलीकडे बारकूबाईच्या खळ्यात. म्हशीनं एवढा मोठा आवाज करणारं जनावर कधी पाहिलं नव्हतं. ती खुंटा उपटून मेंदीला पडलेल्या भोकातून आमच्याकडे आली. खळ्यात कोंबड्या, धूळ आणि बारकूबाईचा आवाज एकदमच उठला. "अवं तात्या, हिकडं कुटं? रस्ता तिकडं हाय!"

मामंजींनी खळ्याला एक पुरता वळसा घातला. (माणूस किती तरबेज होता, ते मला तिथे कळलं. गवताच्या उडवीला धक्का लागू दिला नाही.) आणि त्याच भोकातून ते परत हिरवळीवर आले. टोपी गेली होती. कोट हिरवा झाला होता.

आता यंत्र सरळ व्हरांड्याकडे निघालं. तिथे नंतर हिरवळीवर न्यायचं म्हणून पांढरी चादर घातलेलं टेबल होतं, त्यावर शेठजींच्या कपबश्या. मी मध्ये आडवी होणार होते, पण व्हरांड्याच्या अलीकडे गवतावर सासूबाईंचं जांभळं लुगडं वाळत होतं. दोरीवर पडदे होते, म्हणून बिचारीनं ते खाली पसरलं होतं. पात्यांनी ते काठाकडून धरलं. नऊ वार लुगडं बघता बघता रुळावर गुंडाळलं गेलं. यंत्रानं दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं.

सगळीकडे शांत झालं. म्हशीनं न कापलेला भाग हेरून चरायला सुरुवात केली.

सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी एकदा लुगड्याकडे, एकदा नवऱ्याकडे आणि सगळ्यात जास्त वेळ माझ्याकडे बघितलं.

"ते माझ्या माहेरचं होतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

ते आधण वेळेवरच ठेवलं गेलं, कारण फाटकात मोटार थांबली होती. ती केव्हा थांबली होती कोण जाणे. शेठजी, शेठाणी आणि व्याही मंडळी खाली उतरून उभीच होती. हिरवळीवरचा तो वळणं घेत गेलेला पट्टा, आडव्या कर्दळी, मेंदीतलं भोक आणि म्हैस, असं शेठजींनी क्रमानं सगळं पाहिलं. त्या दोन खोल्या मला डोळ्यांसमोर रिकाम्या दिसायला लागल्या.

"मग गोविंदराव," शेठजी ह्यांना म्हणाले, "काय ठरलं? दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं?"

हे काही बोलायच्या आत मामंजी पुढे आले. धापा टाकत होते, पण ताठ उभे होते. वरच्या साहेबाला अहवाल द्यावा तसे ते म्हणाले, "इंजिन उत्तम आहे, शेठजी. रूळ नाहीत, एवढीच खोट."

आधी व्याही हसले. इतके हसले की त्यांना मोटारीचा आधार घ्यावा लागला. मग शेठाणी हसल्या, आणि व्याही हसतायत म्हटल्यावर शेठजींनाही हसण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. चहा व्हरांड्यात झाला. बारकूबाई म्हैस न्यायला आली, ती तिथेच बसून राहिली आणि तिनं मामंजींचा खळ्यातला वळसा हातवारे करून पाहुण्यांना दाखवला, शिवाय यंत्र मी उघडलं होतं, तेही सांगून टाकलं. जाताना व्याह्यांनी मामंजींशी हात मिळवला. शेठाणींनी पुढच्याच खेपेला सासूबाईंसाठी नवं लुगडं आणलं, जांभळंच.

नोकरी राहिली. खोल्या राहिल्या. पेट्रोलचं यंत्र शेठजींनी मुंबईला नेलं आणि त्याच्या बदल्यात हातानं ढकलायचं नवं यंत्र पाठवलं. त्याला इंजिन नव्हतं, टाकी नव्हती, खटका नव्हता. आणणाऱ्या माणसाबरोबर शेठजींनी मुद्दाम निरोप दिला होता, "सूनबाईंना सांगा, ह्यात उघडण्यासारखं काहीही नाही."

मी दुपारी सगळे झोपल्यावर ते यंत्र पालथं घालून नीट पाहिलं. शेठजी मोठे व्यापारी खरे, पण यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं. उघडण्यासारखं पुष्कळ होतं.